वस्त्रं कुणाची, कारभार कुणाचा

१५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, हे शाळेत पाठ होतं. त्यानंतरही जवळजवळ अडीच वर्षं या देशाला एक राजा होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. लंडनमध्ये राहणारा सहावा जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याने भारताचाही राजा होता. हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी त्याने १९४८ च्या जूनमध्ये सोडली, पण राजेपण तसंच राहिलं. आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी गव्हर्नर जनरलच्या खुर्चीत बसले ते त्याचे प्रतिनिधी म्हणून. पंडित नेहरू शास्त्रापुरते का होईना, राजाचे पंतप्रधान होते. फाळणीचे लोंढे, काश्मीरची लढाई, गांधीहत्या, हैदराबादची पोलीस ॲक्शन, संस्थानांचं विलीनीकरण, एवढं सगळं त्या अडीच वर्षांत घडलं आणि त्यातलं काहीही राजाला विचारून झालं नाही. त्याला विचारायचं असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

राजा असलेल्या देशात, राजाच्या नावाने, पण राजाच्या मर्जीवर अवलंबून न राहता राज्य कसं चालतं, हा या पुस्तकाचा विषय. पुस्तक मुख्यतः ब्रिटनबद्दल आहे, कारण ही पद्धत तिथे घडली आणि तिथूनच आपल्याकडे आली. वर सांगितलेल्या अडीच वर्षांमुळे मी या विषयाला परका मानत नाही.

कॉलेजात ब्रिटनची राज्यव्यवस्था शिकवत असताना दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास यायचा : ‘सर, राजा काहीच करत नाही, तर ठेवलाय कशाला?’ मी पुस्तकी उत्तर द्यायचो, राष्ट्राच्या ऐक्याचं प्रतीक वगैरे. मुलं ते परीक्षेत उतरवायची, मार्क मिळवायची. समाधान त्यांचंही होत नसे आणि माझंही. एका वर्षी साताऱ्याकडच्या एका मुलाने मला वाचवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आमच्याकडच्यासारखं की, सर. गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात.’ वर्ग हसला. मी घरी जाऊन तारखा काढल्या आणि चकित झालो.

शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली ती एप्रिल १७२० मध्ये. जेमतेम वर्षाने, एप्रिल १७२१ मध्ये, लंडनला रॉबर्ट वॉल्पोल खजिन्याचा मुख्य मंत्री झाला. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणून इतिहास त्याचंच नाव घेतो, जरी तो स्वतः ही पदवी नाकारत असे, कारण तेव्हा तिकडे ती शिवीसारखी वापरली जायची. आपण आज ज्याला पंतप्रधान म्हणतो तो शब्द पेशव्यांच्या पदवीतला आहे, आणि पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव, मग प्रधानाचं. तिकडे राजा होता पहिला जॉर्ज. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आणलेला, इंग्रजी जेमतेम येणारा, मन मायदेशात गुंतलेलं. मंत्र्यांच्या बैठकांना तो येईनासा झाला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीभोवती मंत्रिमंडळ नावाची गोष्ट हळूहळू आकाराला आली. दोन्हीकडे चित्र एकच दिसतं : राजा वस्त्रं देतो, कारभार दुसरा करतो.

आता पुढच्या दोन तारखा पाहा. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले. रघुजी भोसल्यांसारख्यांचा विरोध असतानाही शाहू महाराजांनी वस्त्रं त्यांच्या मुलाला, नानासाहेबाला दिली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १७४२ मध्ये, वॉल्पोल गेला. तो मेला नव्हता आणि त्याच्यावरची राजाची मर्जीही उडाली नव्हती. दुसऱ्या जॉर्जला तो हवाच होता. चिपनहॅम या गावच्या निवडणुकीच्या तक्रारीवर, म्हणजे अगदी किरकोळ बाबीवर, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये त्याची बाजू हरली. सभागृह आपल्या मागे उरलं नाही हे त्याला कळलं आणि त्याने राजीनामा दिला. राजा बाजूने असून भागलं नाही.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १७५० च्या सांगोल्याच्या कराराने, छत्रपतींच्या हातातली उरलीसुरली सत्ता पेशव्याकडे गेली. पण पेशव्याच्या हातून ती काढून घेणारं सभागृह इकडे नव्हतं. पेशवा बदलायचा तर मृत्यू हवा किंवा कारस्थान. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंनी एकत्र येऊन रघुनाथरावाला बाजूला केलं, तो आपल्याकडचा मंत्रिमंडळाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग. ‘बारभाईंचा कारभार’ हे शब्द आपण आज गोंधळाला वापरतो, हा त्या मंडळींवर थोडा अन्यायच आहे. मात्र बारभाई स्वतः कुणाला जबाबदार होते, या प्रश्नाला त्यांच्यापाशीही उत्तर नव्हतं. राजाची सत्ता काढून घेतली की काम अर्धंच होतं. ती कुणाला दिली आणि ज्याला दिली त्याच्याकडून परत कोण मागू शकतो, हा खरा प्रश्न. पुस्तकभर मी याच प्रश्नाच्या मागे हिंडलो आहे.

ब्रिटिशांना उत्तर सापडलं ते शहाणपणाने नव्हे, भांडणाने. १६४२ च्या ४ जानेवारीला पहिला चार्ल्स हत्यारबंद माणसं घेऊन कॉमन्समध्ये शिरला, पाच सदस्यांना पकडायला. पक्षी आधीच उडाले होते. त्यातून यादवी युद्ध झालं आणि १६४९ मध्ये राजाचं डोकं उडालं. राजेशाही परत आली, पुन्हा बिघडली, दुसरा जेम्स पळाला आणि १६८९ मध्ये हक्कांचा जाहीरनामा झाला. त्यातल्या दोन अटी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवायचा नाही आणि शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडं सैन्य ठेवायचं नाही. शिवाय सैन्यातल्या शिस्तीचा कायदा एका वेळी साधारण वर्षभरापुरताच मंजूर करायचा पायंडा पडला. म्हणजे राजाला दरवर्षी पार्लमेंट बोलवावीच लागणार; नाही बोलावली तर तिजोरीत पैसा नाही आणि शिपायाला हुकूम मोडल्याची शिक्षा देता येत नाही. लोकशाहीच्या थोर तत्त्वांवर व्याख्यानं पुष्कळ झाली आहेत. पण पार्लमेंट दरवर्षी भरू लागली ती या दोन व्यवहारी खिळ्यांमुळे.

ते जुनं भांडण आजही जवळजवळ दरवर्षी नाटकासारखं उभं केलं जातं. पार्लमेंटच्या उद्घाटनाला राजा येण्याआधी राजवाड्याचे रक्षक तळघरं शोधतात, कारण १६०५ मध्ये कुणी तरी तिथे दारूगोळा भरला होता. कॉमन्सचा एक सदस्य राजवाड्यावर ओलीस ठेवला जातो, राजा सुखरूप परतेपर्यंत. राजा पोशाख करतो त्या दालनात पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमाची प्रत लावलेली आहे; मुकुट चढवताना नजर तिकडे जाते की नाही, कोण जाणे. राजा कॉमन्समध्ये पाऊल टाकत नाही, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतो. कॉमन्सना बोलवायला त्याचा दूत जातो तेव्हा दार त्याच्या तोंडावर आपटलं जातं. काळ्या काठीने तीनदा ठोठावल्यावरच ते उघडतं. पाहुण्यांना ही मौज वाटते. मला तो पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या अपमानाचा नीट जपलेला पंचनामा वाटतो.

मग लॉर्ड चान्सेलर रेशमी बटव्यातून भाषण काढून राजाच्या हाती देतात आणि राजा वाचतो. इथे थोडं थांबू. ७ नोव्हेंबर २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सने राजा म्हणून आपलं पहिलं भाषण वाचलं. ऋषी सुनक यांच्या सरकारने लिहिलेल्या त्या भाषणात उत्तर समुद्रात तेल आणि वायू काढण्याचे नवे परवाने देण्याच्या कायद्याची घोषणा होती. चार्ल्स हा गृहस्थ तरुणपणापासून पर्यावरणाबद्दल बोलत आलेला, त्यासाठी थट्टा सोसलेला. त्याने ती घोषणा वाचली. आठ महिन्यांनी, १७ जुलै २०२४ ला, त्याच सिंहासनावरून त्याने दुसरं भाषण वाचलं. मधल्या काळात निवडणूक होऊन मजूर पक्षाचे कीर स्टार्मर पंतप्रधान झाले होते. आता त्यात सरकारी मालकीची स्वच्छ ऊर्जा कंपनी काढण्याची आणि प्रवासी रेल्वे सरकारी मालकीत आणण्याची घोषणा होती. तीही त्याने त्याच सुरात वाचली. दोन्ही वेळा ‘माझं सरकार’. पहिल्या वेळी मनाविरुद्ध वाचलं आणि दुसऱ्या वेळी मनासारखं, असं आपण फक्त समजू शकतो. भाषणातून ते कळत नाही आणि कळू न देणं हेच त्याचं काम आहे.

याच्या शेजारी आपल्याकडची एक गोष्ट ठेवतो. ९ जानेवारी २०२३ ला तामिळनाडूच्या विधानसभेत राज्यपालांनी सरकारने लिहून दिलेल्या अभिभाषणातले काही परिच्छेद वगळले आणि काही शब्द आपल्या पदरचे घातले. मुख्यमंत्र्यांनी तिथल्या तिथे ठराव आणला : नोंदीत छापील भाषणच जावं. राष्ट्रगीताची वाट न पाहता राज्यपाल बाहेर पडले. निवडून न आलेल्या माणसाने निवडून आलेल्या सरकारचं भाषण वाचताना फेरफार करायचे नसतात, हे चार्ल्सला त्याच्या घराण्याच्या तीनशे वर्षांच्या अनुभवाने शिकवलं आहे. आपल्याकडे ते अजून ठरायचं आहे.

इथे राजा आणि राजमुकुट यांतला फरक नीट समजून घ्यावा, नाही तर पुढचं सगळं चुकत जातं. राजा हाडामांसाचा माणूस, राजमुकुट ही कायद्याने मानलेली संस्था. तुरुंग राजाचे, आरमार राजाचं, फौजदारी खटले राजाच्या नावाने, पासपोर्टही राजाच्या नावाने, त्यामुळे राजाला स्वतःला पासपोर्ट लागत नाही. यातल्या कुठल्याही कामात माणूस म्हणून राजाचा हात नसतो. आपल्याकडेही या राजमुकुटाचे अवशेष आहेत. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सनदेने सुरू झालं. राणीच्या सनदेच्या कलमाखाली एका न्यायमूर्तीच्या निकालावर दोघांपुढे जायचं अपील आजही ‘लेटर्स पेटंट अपील’ म्हणूनच ओळखलं जातं. वकिलांच्या बोलण्यात नुसतं ‘एलपीए’. राणी गेली, साम्राज्य गेलं, एलपीए आहे.

पंतप्रधान कोण, हे राजा ठरवतो असं कायद्याच्या भाषेत आजही म्हणतात. ६ सप्टेंबर २०२२ ला स्कॉटलंडमधल्या बालमोरलच्या वाड्यात शहाण्णव वर्षांच्या एलिझाबेथ राणीने लिझ ट्रस यांना पंतप्रधान नेमलं. राणी एका हाताने काठीला टेकलेली आहे आणि दुसऱ्याने ट्रस यांच्याशी हस्तांदोलन करते आहे, हे छायाचित्र अनेकांना आठवत असेल. दोन दिवसांनी राणी गेली. पण ट्रस यांना निवडलं होतं हुजूर पक्षाच्या सदस्यांनी, ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी. राणीने फक्त वस्त्रं दिली. सात आठवड्यांत ट्रस यांचं अंदाजपत्रकी धोरण बाजाराने आपटलं, पक्षाने हात काढून घेतला आणि २५ ऑक्टोबरला नव्या राजाने सुनक यांना वस्त्रं दिली. ज्याच्या पूर्वजांवर एकेकाळी कंपनी सरकारचं आणि मग राणीचं राज्य होतं, असा माणूस राजाचा पंतप्रधान झाला आणि त्याला बोलावण्यावाचून राजाला पर्याय नव्हता.

नेहमीच असं नव्हतं. १९५७ मध्ये मॅकमिलन आणि १९६३ मध्ये डग्लस-ह्यूम यांना नेमताना राणीने पक्षातल्या वडीलधाऱ्यांचं मत घेतलं, कारण हुजूर पक्षात नेता निवडायची रीतसर पद्धतच नव्हती. दुसऱ्या वेळी इतकी टीका झाली की १९६५ पासून पक्षाने मतदान सुरू केलं आणि राजवाड्याने सुटकेचा श्वास सोडला. २०१० मध्ये कुणालाच बहुमत मिळालं नाही. मतदान ६ मेला झालं आणि गॉर्डन ब्राऊन ११ मेपर्यंत खुर्चीवर राहिले. वर्तमानपत्रांनी ‘खुर्चीला चिकटलेले’ म्हणून त्यांची रेवडी उडवली. खरं तर ते कर्तव्यच करत होते : पुढचा कोण, हे पक्षांनी आपसांत ठरवेपर्यंत देश सरकारविना राहू द्यायचा नाही आणि निवडीचं ओझं राणीवर पडू द्यायचं नाही. राजाने स्वतःच्या मनाने पंतप्रधानाला काढल्याचं शेवटचं उदाहरण १८३४ चं. चौथ्या विल्यमने मेलबर्नला घालवून पीलला आणलं, निवडणुकीत पीलला बहुमत मिळालं नाही आणि १८३५ च्या एप्रिलमध्ये तोच मेलबर्न राजाच्या नाकावर टिच्चून परत आला. त्यानंतर तिकडच्या कुठल्या राजाने ही हौस केलेली नाही.

सरकार पडतं कसं, याचं चित्र पाहायचं तर २८ मार्च १९७९ ची रात्र पाहावी. कॅलाहान यांच्या मजूर सरकारवर अविश्वासाचा ठराव होता. एक मजूर सदस्य घरी मरणाच्या दारात होता. त्याला रुग्णवाहिकेतून आवारात आणलं असतं तर त्याचं मत धरलं गेलं असतं. तो यायला तयार होता; कॅलाहान यांनी त्याला त्रास द्यायचं नाकारलं. निकाल ३११ विरुद्ध ३१०. सरकार पडलं, थॅचर आल्या आणि तो सदस्य काही दिवसांतच वारला. आपल्याला १७ एप्रिल १९९९ आठवतो, वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं तो दिवस. दोन्ही ठिकाणी कुणी बंदूक उचलली नाही, फौज हलली नाही. एका मताने गेलेली सत्ता लोकांनी गेली असं मानलं. हे ‘मानणं’ फार मोठी गोष्ट आहे.

आणि पडलेला पक्ष देशोधडीला लागत नाही, समोरच्या बाकांवर जाऊन बसतो. त्याला राजाचा निष्ठावंत विरोधी पक्ष म्हणतात. हा शब्द १८२६ मध्ये सभागृहात कुणी तरी थट्टेत टाकला आणि तो चिकटला. १९३७ पासून विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारला शिव्या घालण्यासाठी सरकारनेच पगार द्यायचा, ही कल्पना मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुसंस्कृत वाटते. राजा असल्याने ती सोपी झाली : निष्ठा मुकुटाशी, विरोध मंत्र्यांशी. मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले तेव्हा त्यांनी आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून व्हिक्टोरियाशी निष्ठेची शपथ घेतली आणि मग त्याच सभागृहात उभं राहून तिच्या नावाने चाललेल्या लुटीचे आकडे मांडले. दोन्हींत त्यांना विसंगती वाटली नाही, कारण व्यवस्थेतच ती नव्हती.

राजाकडे मग उरतं काय? ब्रिटिश पत्रकार वॉल्टर बॅजटने १८६७ मध्ये त्याचं मोजमाप केलं : राजाचा सल्ला घेतला जावा, त्याने उत्तेजन द्यावं, त्याने इशारा द्यावा. एवढे तीन हक्क. पंतप्रधान आठवड्यातून एकदा राजवाड्यावर जातो, दोघं एकटे बसतात, नोंद ठेवली जात नाही. सत्तर वर्षं गादीवर बसलेल्या राणीसमोर नवा पंतप्रधान म्हणजे शिकाऊ उमेदवार. तिचा प्रश्नच इशाऱ्यासारखा लागत असेल. विधेयकाला राजाची संमती लागते, पण ती शेवटची नाकारली गेली १७०८ मध्ये, ॲन राणीच्या काळात. तेव्हापासून लॉर्ड्समधला कारकून जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘राजाची इच्छा आहे’ असं म्हणतो आणि कायदा होतो. राजाची खरी इच्छा काय, हे तीनशे वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

मी राजनिष्ठ नाही, हे इथेच सांगून टाकतो. एका घराण्यात जन्मल्याने कुणी राष्ट्रप्रमुख व्हावं, हे माझ्या गळी कधीच उतरलेलं नाही. राजघराण्याचं सरकारी अनुदान २०२३-२४ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंड होतं आणि राजवाड्याच्या हिताला धक्का लागेल अशी विधेयकं आधी राजवाड्याला दाखवायची पद्धत आहे, तिचा कारभार बंद दाराआड चालतो. हे दोष सजवून सांगायची मला गरज वाटत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की ही व्यवस्था संकेतांवर उभी आहे आणि संकेत मोडणाऱ्याला तुरुंग नाही. तिकडचे इतिहासकार पीटर हेनेसी याला ‘भल्या माणसांचा सिद्धांत’ म्हणतात : सत्तेवरची माणसं भली आहेत असं धरून चालायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत पार्लमेंटचं अधिवेशन पाच आठवडे संस्थगित करण्याचा सल्ला राणीला दिला. राणीने मानला, कारण सल्ला मानणं हाच संकेत. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की हा सल्लाच बेकायदा होता, म्हणून अधिवेशन संस्थगित झालंच नाही. राणीच्या सहीचा कागद कोरा ठरला. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या खटल्यावर आहे. राजा गप्प राहिला तर मंत्र्याला अडवायचं कुणी, हा मघाचाच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी उत्तर देतं न्यायालय.

इतर राजेशाह्यांबद्दल थोडक्यात. स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेत राजाचं सगळं राजकीय काम काढून घेतलं. पंतप्रधानाचं नाव तिकडे सभापती सुचवतात. जपानचा सम्राट युद्धानंतरच्या घटनेप्रमाणे केवळ प्रतीक आहे. बेल्जियमच्या बोदुआँ राजाला १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणं धर्मामुळे जमेना. मंत्रिमंडळाने त्याला ‘राज्य करण्यास असमर्थ’ ठरवलं, सही स्वतः केली आणि पार्लमेंटने लगेच त्याला पुन्हा गादीवर बसवलं. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ ला राणीच्या गव्हर्नर जनरलने बहुमतातल्या पंतप्रधान व्हिटलॅमना काढलं. जखम तिकडे अजून दुखते. आपल्या शेजारी दोन उदाहरणं आहेत, तीही परस्परविरुद्ध. नेपाळच्या ज्ञानेंद्र राजाने १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता स्वतःकडे घेतली आणि तीन वर्षांत राजेशाहीच गेली. भूतानमध्ये राजघराण्यानेच पुढाकार घेऊन २००८ मध्ये घटना आणली, राजाला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायला लावणारी. आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये तेच केलं होतं, पण औंधची गोष्ट फार लहान राज्यापुरती राहिली.

आपण काय घेतलं? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. ते राज्याचे प्रमुख आहेत, कार्यकारी सत्तेचे नाहीत. म्हणजे राजा काढला आणि त्याची खुर्ची ठेवली. कागदावर मात्र सगळं उतरलं नाही. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे, हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीपर्यंत संविधानात नव्हते. सव्वीस वर्षं ते काम संकेतानेच निभावलं. राज्यपालांच्या बाबतीत तर संकेताचं पीकच आलं नाही, तण फार माजलं. बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, हे सांगायला १९९४ मध्ये बोम्मई खटला लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात ‘पहाटेचा शपथविधी’ झाला, तेव्हा तेच पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. बहुमत चाचणीचा आदेश निघाला त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात जून २०२२ मधला राज्यपालांचा चाचणीचा हुकूमही न्यायालयाने चुकीचा ठरवला. वॉल्पोलला १७४२ मध्ये जे न सांगता कळलं, ते आपल्याला दर वेळी न्यायालयात जाऊन कळून घ्यावं लागतं. याचं एक कारण मला दिसतं. तिकडे राजाला मंत्री नेमत नाहीत, म्हणून तो कुणा मंत्र्याचा नसतो. इकडे राज्यपाल दिल्लीच्या सरकारने नेमलेला असतो. खुर्ची राजाची घेतली, बसणारा मात्र पक्षाचा पाठवला. यावर इलाज काय, याबद्दल माझं मत शेवटच्या प्रकरणात आहे. ते पटलं नाही तरी हरकत नाही.

या पुस्तकात तळटीपा कमी आहेत आणि प्रसंग जास्त. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांना तिसरं आणि पाचवं प्रकरण पुरेल. बाकीच्यांनी कुठूनही सुरू करावं.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मुंबईत विधानभवनात राज्यपालांचं अभिभाषण होईल. ते टीव्हीवर दाखवतात, सहसा कुणी ऐकत नाही. त्या दिवशी दहा मिनिटं काढा. ‘माझ्या शासनाने’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा आणि छापील प्रत मिळाली तर एखादा परिच्छेद गाळला का, तेही पाहा.